चौदा मेपासून मोजलं तर

सोमवार, १४ फेब्रुवारी १९९४

आज डॉक्टर प्रुइटला तोंडावर नाही म्हटलं. दवाखान्यापर्यंत एकसष्ट मैल जाऊन एकसष्ट मैल परत आले तरी राग गेलेला नाही, म्हणून लिहायला बसले. घरात धड वही नाही. पेंडवाला दरवर्षी खिशात मावणाऱ्या लाल वह्या फुकट वाटतो, गाई व्याल्याची नोंद ठेवायला. नवऱ्यानं, कर्टनं, या वर्षी दोन आणल्या, त्यातली एक मी ढापली. आत रकाने आखलेले आहेत: गाईचा नंबर, तारीख, नर की मादी, शेरा. रकाने गेले खड्ड्यात, मी आडवंतिडवं लिहिणार.

प्रुइटनं पोट दाबलं, टेप लावली आणि भिंतीकडे बघून म्हणाला, "डीना, बाळ मोठं आहे. बावीसला ये. सलाइनमधून औषध सोडू, कळा आणू, संध्याकाळपर्यंत मोकळी होशील."

"माझे दिवस अठराला भरतात. चार दिवसही थांबवत नाही का?"

"मोठं आहे म्हणून म्हणतो."

"नवरा सहा फूट चार इंच आहे. बाळ काय चिमणीएवढं होणार?"

नर्स लोरेटा फिस्सकन हसली. तो हसला नाही. बाहेर आल्यावर तिच्या टेबलामागचं कॅलेंडर पाहिलं. सव्वीस तारखेपासून दोन आठवड्यांवर लाल रेघ, आणि वर लिहिलंय ॲरिझोना. गोल्फ! आख्ख्या परगण्यात बाळंतपण करणारा हा एकटा डॉक्टर, आणि त्याला जायच्या आधी टेबल साफ करायचंय.

थोरलीच्या, टेसच्या वेळी गोल्फ नव्हतं, हरणं होती. मोठी हरणं, एल्क. ऑक्टोबर एकोणनव्वद. शनिवारी शिकारीला निघायचं म्हणून गुरुवारी मला सलाइन लावलं. दोन आठवडे बाकी होते. तेव्हाही हेच शब्द, "संध्याकाळपर्यंत मोकळी होशील." झालेही मोकळी. बाळाला मात्र श्वास घेता येईना. फुप्फुसं ओली. छोट्या विमानानं तिला बिलिंग्जच्या मोठ्या इस्पितळात नेलं. त्यात मला जागा नव्हती. टाके घातलेली मी आणि कर्ट मागून पिकअपनं. एकोणीस दिवस काचेच्या पेटीत होती माझी पोर. हा गृहस्थ शिकारीहून आला आणि मला कार्ड पाठवलं, अभिनंदनाचं.

या वेळी नाही. हे बाळ त्याला यायचं तेव्हा येईल.

बुधवार, १६ फेब्रुवारी

व्हर्ना बटाट्याचं आणि खिम्याचं भांडं घेऊन आली. सासूबाई अंगणापलीकडच्या घरात राहतात आणि भांडं हातात असल्याशिवाय आमच्या दारात येत नाहीत. भांडं म्हणजे सूचना असते.

"बावीसला जाऊन उरकून घे," ती म्हणाली. कोट काढला नव्हता.

"उरकून घ्यायला ते काय धुणं आहे?"

"डॉक्टर म्हणतो ना."

"डॉक्टरला गोल्फ खेळायचंय, व्हर्ना. तुम्हाला टेसची काचेची पेटी आठवत नाही का?"

"आठवते." मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, "वाट पाहून सगळं मिळतंच असं नाही."

झालं. म्हणजे टेसच्या वेळचा दोषही माझाच, आणि या वेळी थांबले म्हणून काही बिघडलं तर तोही माझाच असणार. मी भांडं ओव्हनमध्ये ढकललं आणि आभार मानले, अगदी दात ओठ खाऊन.

जाताना ती घरी न जाता गाडी घेऊन टेकडीकडे गेली. शेजारच्या सीटवर प्लास्टिकची फुलं. सासरे गेले तो महिना ऑगस्ट, पण ही दर फेब्रुवारीत, उणे दहा असो की उणे तीस, कबरस्तानात जाऊन बसते. मेलेल्या माणसांसाठी तिच्याकडे वेळच वेळ आहे.

लोक मला तारखेवरून छळतायत, तर तारखेचं इथं एकदा लिहून ठेवते. दवाखान्याच्या कागदावर विचारलं होतं, शेवटच्या पाळीचा पहिला दिवस. एप्रिल-मेमध्ये इथं कोण असलं काही लक्षात ठेवतं? वासरं, डागणी, कुंपणं, त्यात जेवल्याचंही आठवत नाही. पण चौदा मे मला पक्का ठाऊक होता. कर्ट वायोमिंगला तेलाच्या विहिरीवर कामाला होता. कालवडींना रेतन करायला एका दिवसासाठी आला, सकाळी परत गेला, तो थेट जूनच्या शेवटी उगवला. दुसरा दिवसच नव्हता! मग अंदाजे काहीतरी खरडून घोळ घालण्यापेक्षा मी नक्की असलेली तारीख लिहिली. गोठ्यातही आपण तेच करतो, रेतनाचा दिवस लिहायचा आणि पुढं मोजायचं. त्यात कधी चूक होत नाही.

नोव्हेंबरात सोनोग्राफीवाला म्हणाला होता, बाळ चौदा दिवस पुढे दिसतंय. प्रुइटनं विचारलं, तारीख नक्की ना? मी म्हटलं, काळ्या दगडावरची रेघ. तो म्हणाला, मग एवढा फरक या महिन्यात धरायचा नाही, तारीख तीच ठेवायची, बाळ मोठं आहे. आणि त्याच मोठ्या बाळाचा आता बागुलबुवा करतोय.

शुक्रवार, १८ फेब्रुवारी

आज दिवस भरले. काही झालं नाही. पावाचं पीठ मळलं, टेसच्या डोक्याचा गुंता काढला, कर्टशी भांडले.

चार दिवस बघतेय, तो पिकअपच्या मागं लागलाय. टाकी काठोकाठ भरली. इंजिन गरम ठेवायची वायर दिवसासुद्धा भिंतीतल्या प्लगला लावून ठेवतो, गोठू नये म्हणून. मागं दोन फावडी, वाळूची पोती, घोंगड्या. गाईंसाठी एवढी तयारी! माझ्यासाठी साधी बॅग भरलीस का म्हणून विचारलं नाही.

जेवताना म्हणाला, "कालवडी एकवीसला व्यायला लागतील. एकदा त्यांनी जोर धरला की मला हलता येणार नाही, डी. तू बावीसला गेलीस तर..."

"तर काय? तुझ्या कालवडींच्या मधल्या फटीत मला बसवायचं?"

"तसं नाही म्हणत."

"मग कसं म्हणतोस? बोल की."

त्यानं टोपी घातली आणि बाहेर गेला. या घराण्यात माणसं तोंडानं बोलत नाहीत, दारानं बोलतात. टेस म्हणाली, "डॅडींनी दार किती हळू लावलं." हो, तेच त्याचं ओरडणं.

मंगळवार, २२ फेब्रुवारी

गेले, पण सलाइन लावून घेतलं नाही. फक्त तपासून घेतलं. पोटावर पट्टा बांधून अर्धा तास ठोके ऐकले. टकटक टकटक, घोड्यासारखे. लोरेटा म्हणाली ठीक आहेत. मग प्रुइट आला.

"बाळाभोवतीचं पाणी जरा कमी वाटतंय, डीना. आलीच आहेस तर राहा."

"जरा म्हणजे किती?"

"जरा म्हणजे मला आवडत नाही एवढं."

"तुम्हाला ॲरिझोना आवडतं."

लोरेटानं पट्टा गुंडाळायला घेतला, तो आधीच गुंडाळलेला होता. प्रुइटचे कान लाल झाले. सहा वर्षांत पहिल्यांदा त्याने माझ्याकडे नीट पाहिलं असेल. म्हणाला, "माझ्या जागी दुसरा डॉक्टर येतोय. मी जाण्याचा याच्याशी संबंध नाही."

"एल्कचाही नव्हता."

मी सांगितलं, तारखेनंतर दोन आठवडे चालतात, म्हणजे चार मार्च. चार मार्चला काही नाही झालं तर मी स्वतः हात पुढं करीन, घाला काय सुई घालायची ती. त्यानं कागदावर लिहिलं, रुग्णाने नकार दिला. मला सही करायला लावली. केली, चांगली ठळक.

बाहेर लोरेटाला म्हटलं, "तारीख कशी काढता ते दाखव बघू. मी पण मोजते." तिच्याकडं पुठ्ठ्याची गोल चकती असते, एकावर एक दोन, फिरवायची. बाण चौदा मेवर ठेवला की दुसरा बाण अठरा फेब्रुवारीवर. बरोबर. औषध कंपनीच्या ढिगानं येतात म्हणून तिनं मला एक देऊन टाकली. वर म्हणाली, "सकाळी उठल्यापासून बाळाच्या लाथा मोज. दहा भरायला किती वेळ लागतो ते बघ. वेळ वाढायला लागला तर फोन कर. भांडायला नाही, नुसता फोन."

लोरेटा बरी आहे.

बुधवार, २३ फेब्रुवारी

सदतीस नंबरची कालवड व्याली. चौदा मेचीच, म्हणजे माझ्याबरोबरची. शेजारचा ड्वाइट कुंपणावरून ओरडला, "डीना, तुझ्या मैत्रिणीनं बाजी मारली!" मी त्याला हाताचं एक बोट दाखवलं. टेसनं विचारलं ते कुठलं बोट.

पहिलटकरीण होती, अडली. कर्ट गोठ्याच्या दारात घड्याळ हातात घेऊन उभा. पाय दिसले की दोन तास वाट बघायची, मग वासराच्या पायांना साखळ्या लावून ओढायचं, हा त्याच्या बापाचा नियम. दोन तास झाले आणि त्यानं एक मिनिटही वर जाऊ दिलं नाही. खोंड झालं, जिवंत.

"गाईंना दोन तास देतोस," मी म्हटलं. "मला दोन आठवडे देताना जीव जातो तुझा."

तो हात धुत होता. कोपरापर्यंत रक्त. म्हणाला, "हो. जातो."

मी उलट उत्तराच्या तयारीत होते, आणि यानं नुसतं हो म्हटलं. असल्या माणसाशी भांडायचं तरी कसं?

गुरुवार, २४ फेब्रुवारी

दहा लाथा भरायला दुपारचे दोन वाजले. काल अकरालाच भरल्या होत्या. आत जागा उरली नसेल. मोठं आहे ना, सगळे म्हणतात तसं.

फोन केला नाही. केला तर प्रुइट जिंकला.

शुक्रवार, २५ फेब्रुवारी, दुपार

चार फेब्रुवारी. अठरा नाही. चार.

कर्ट गोठ्यात आहे, त्याला हाक मारायला निघाले. लाथा आज तीन.

रविवार, २७ फेब्रुवारी

इस्पितळात आहे. सगळं क्रमानं लिहिते, नाहीतर मी माझ्या सोयीनं बदलून टाकीन. मी तशी आहे हे या वहीत मागं वाचून कळलंच.

शुक्रवारी जेवणानंतर टेस जमिनीवर बसून लोरेटाची चकती फिरवत होती. म्हणाली, "मम्मी, या मोठ्या बाणाजवळ छोटा बाण कशाला?" मी भांडी घासत होते. म्हटलं, असेल काहीतरी. ती म्हणाली, "याला पण अक्षरं आहेत. वाच ना." पोरीची कटकट थांबावी म्हणून हात पुसून वाचलं. मोठ्या बाणापाशी: शेवटच्या पाळीचा पहिला दिवस. त्याच्यापुढं दोन आठवड्यांवर बारीक बाण: गर्भ राहिला.

बराच वेळ मला कळलंच नाही. मग मोठा बाण सोडून तो बारीक बाण चौदा मेवर ठेवला. दुसरं टोक चार फेब्रुवारीवर गेलं.

गाईचं रेतनापासून मोजतात. बाईचं पाळीपासून, म्हणजे त्याच्या दोन आठवडे आधीपासून मोजतात, आणि मी त्यांना गाईची तारीख दिली होती. नक्की, काळ्या दगडावरची. म्हणजे बाळ मोठं नव्हतंच कधी. ते चौदा दिवस पुढं होतं, सोनोग्राफीवाल्यानं सांगितलं होतं तितकंच, दिवस मोजून. मी एक आठवडा वर गेले नव्हते, तीन गेले होते. आणि चार मार्चपर्यंत थांबणार होते. सही करून!

सकाळपासून लाथा तीन.

मी दारात जाऊन कर्टला हाक मारली. तो एकेचाळीस नंबरपाशी होता, वासराचे पाय बाहेर, एक साखळी लावलेली. माझं तोंड बघून त्यानं साखळी सोडून दिली. मी काही बोलायच्या आत सोडली. व्हर्ना शेजारीच उभी होती, तिनं ती उचलली आणि म्हणाली, "निघा. हिचं मी बघते. टेसचंही बघते."

पिकअपचं इंजिन गरम होतं. टाकी भरलेली. माझ्या सीटमागं एक पिशवी होती. तीत माझा नाइटगाऊन, टेसची लहानपणची टोपी, बाळाचं ब्लँकेट आणि माझ्या आवडीची आलेपाकाची बिस्किटं. वरचं बिस्कीट मऊ पडलेलं, म्हणजे किती दिवस तिथं होती कोण जाणे.

"हे कधी भरलंस?"

"चौदाला," तो म्हणाला. मोठ्या रस्त्यावर बर्फ आडवं वाहत होतं, त्याची नजर समोर. "तू नाही म्हणून आलीस त्या दिवशी."

"बोलला का नाहीस?"

"तू म्हणालीस तुला वेळ पाहिजे."

मला त्याला मारावंसं वाटलं. रडावंसंही वाटलं, आणि पुन्हा मारावंसं. एकसष्ट मैल मी पोटावर हात ठेवून बसले होते. एकच लाथ जाणवली, ती पुलापाशी.

प्रुइट दारातच भेटला. मी कोटसुद्धा काढला नाही. म्हटलं, "चौदा मे पाळीचा दिवस नाही. गर्भ राहिल्याचा आहे. लावा सलाइन."

त्याचा चेहरा पडला. हळूच म्हणाला, "चौदा दिवस. माझ्या कागदावर आहेत ते. लिहिलेत मी."

"लिहिलेत. मला विचारलं नाहीत. नक्की का विचारलंत, कशावरून नक्की ते नाही विचारलंत."

"नाही विचारलं," तो म्हणाला. आणि मग हात धुवायला वळताना, माझ्याकडे पाठ करून, "एकोणनव्वदला मी घाई केली होती. तेव्हापासून तू माझं ऐकणार नाहीस हे मला समजायला हवं होतं."

मी त्याला माफ केलेलं नाही. हेही लिहून ठेवते.

पाण्याची पिशवी फोडली तर पाणी हिरवं, बाळानं आतच शी केलेली, आणि कपभरसुद्धा नाही. कळांबरोबर ठोके खाली जायचे, लोरेटा मला या कुशीवरून त्या कुशीवर वळवायची, ठोके वर यायचे. औषध कमी, पुन्हा जास्त. प्रुइट खुर्ची ओढून मशीनसमोर बसला तो उठला नाही. शनिवारी सकाळी सात चाळीसला मुलगी झाली. आधी रडली नाही. त्यानं नळी घालून तिच्या घशातून हिरवं काढलं, लोरेटा पाठ चोळत होती, कर्ट माझा हात इतका आवळत होता की अंगठी रुतली. मग ती रडली. चिडून, पार लाल होऊन.

त्याचं विमान चुकलं. मला आनंद झाला.

बारीकच आहे ती. सात पौंडसुद्धा नाही. कसली मोठी! वाळलेली, कातडी घोट्यापाशी आणि मनगटापाशी पापुद्रे सुटलेली, डोक्यावर दाट केस, म्हातारीसारखी कपाळाला आठी. आणि नखं बोटांच्या पुढं आलेली, लांब. गालावर स्वतःच्याच नखाचा ओरखडा. प्रुइट म्हणाला वार जुनी झाली होती, जेवण पोचत नव्हतं तिला. म्हणाला, आणखी दोन दिवस... आणि तिथं थांबला. मला पुढचं ऐकायचं नव्हतं.

आज व्हर्ना टेसला घेऊन आली. भांडं नव्हतं हातात. एकेचाळीस नंबरला एकटीनं सोडवलं म्हणे, कालवड झाली. टेसनं बहिणीला बघून सांगितलं की ही चांगली नाही, पण चालेल.

मी बाळ व्हर्नाच्या हातात दिलं. तिनं ब्लँकेट बाजूला केलं, तो छोटा पंजा स्वतःच्या बोटावर घेतला आणि नखांकडे बघत राहिली. एकेक बोट बघितलं. मग म्हणाली, "त्याची पण अशीच होती."

"कुणाची?"

कर्ट खिडकीकडे गेला. ती म्हणाली, "कर्टच्या आधीचा. अठ्ठावन्नचा फेब्रुवारी. मी पण वाट पाहिली होती. सगळे म्हणाले येईल तेव्हा येईल."

टेकडीवर सासऱ्यांच्या शेजारी एक छोटा दगड आहे, त्यावर नुसतं 'बाळ' आणि वर्ष कोरलंय. वर्षाकडं मी कधी वाकून पाहिलं नाही. या घराण्यातलं कुणी जुनं असेल, असं समजून सहा वर्षं त्याच्या बाजूनं चालत गेले.

माझा राग उसळून आला. "सोळा तारखेला भांडं घेऊन आला होतात! तेव्हा हे सांगता येत नव्हतं? खिडकीबाहेर बघून कोड्यात कसलं बोलायचं?"

टेस घाबरली. व्हर्ना नाही. म्हणाली, "तू ऐकलं असतंस?"

मी हो म्हणणार होते. पण म्हणता आलं नाही. खरं उत्तर मला माहीत नाही, आणि तिला तर छत्तीस वर्षांत कुणी काही विचारलंच नव्हतं. मग मी विचारलं, नाव ठेवलं होतं का त्याचं.

"ठेवलं होतं. घरचे म्हणाले, दगडावर घालू नका. म्हणून नाही घातलं." मग तिनं सांगितलं. आयव्हर. कर्टनं मान न वळवता म्हटलं, "मला माहीत नव्हतं." त्याच्या सख्ख्या भावाचं नाव!

ते गेल्यावर मी वहीचं नवं पान काढलं आणि या खेपेला रकान्यांत लिहिलं. मुलीची ओळ भरली: २६ फेब्रुवारी, मादी, शेऱ्यात 'तीन आठवडे उशीर, जिवंत'. तिच्या वर एक ओळ मोकळी सोडली होती. तीत लिहिलं: आयव्हर, फेब्रुवारी १९५८, नर. शेऱ्याच्या रकान्यापाशी पेन अडलं. आधी 'दिवस उलटले' लिहिलं. मग ते खोडून लिहिलं, 'कोणी विचारलं नाही.'